क्षणभराच्या डिपने (व्होल्टेज अचानक पडल्याने) कारखान्याची उत्पादन लाइन ट्रिप होते, त्यावर सर्वो स्टॅबिलायझर हा उपाय आहे का?

पॅनेलवाला: माझं मत, नाही. डिप 100–200 मिलिसेकंदांत संपतो. सर्वो स्टॅबिलायझरचा ब्रश मोटरने सरकतो आणि सेकंदाला काही दहा व्होल्टच सुधारतो. तो हलेपर्यंत कॉन्टॅक्टर (मोटरचा पुरवठा जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) पडलेला, म्हणजे सुटलेला असतो.

आधी पडतात ते एसी कॉइलचे कॉन्टॅक्टर आणि छोटे रिले. नंतर 24 व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे कंट्रोलला डीसी देणारा पॉवर सप्लाय. पूर्ण लोडवर त्याचा होल्ड-अप (इनपुट गेल्यावर तग धरण्याचा वेळ) साधारण 20 मिलिसेकंद, म्हणजे एक सायकल. म्हणून कॉइल 24 व्होल्ट डीसीच्या करा, 100–240 व्होल्ट इनपुटचा एसएमपीएस 230 वर चालवा आणि निम्म्याच लोडवर ठेवा. मग पुरवठा 50 टक्क्यांवर, म्हणजे 115 व्होल्टवर आला तरी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) जागा राहतो. त्यापुढे बफर मॉड्यूल, म्हणजे 24 व्होल्ट थोडा वेळ टिकवणारा साठा. इमर्जन्सी स्टॉपच्या कॉन्टॅक्टरला मात्र ऑफ-डिले (उशिरा सुटण्याची सोय) लावू नका!

ड्राइव्हप्रेमी: पीएलसी जागा ठेवून करायचं काय? 415 व्होल्टवर ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचा) डीसी बस, म्हणजे आतला डीसी व्होल्टेज, 585च्या आसपास असतो. डिपमध्ये तो ट्रिप मर्यादेखाली गेला की अक्ष (मशीनचे मोटरने हलणारे भाग) थांबतात, पीएलसी मात्र सीक्वेन्स पुढे ढकलतो. सिंक्रोनाइज्ड अक्षांच्या मशीनवर हे सगळंच बंद पडण्यापेक्षा वाईट. अशा लाइनला डायनॅमिक व्होल्टेज रिस्टोररच हवा, डिपमध्ये कमी पडलेला व्होल्टेज तत्काळ भरून काढणारा. स्टॅबिलायझरही अगदीच निरुपयोगी नाही. व्होल्टेज कायम 10 टक्के कमी असेल, तर 20 टक्क्यांचा डिप तुम्हाला 72 टक्क्यांवर नेतो.

पॅनेलवाला: व्होल्टेज कायम कमी असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदला, फुकटात होतं. (रात्री लोड उतरल्यावर व्होल्टेज फार चढत नाही ना, एवढं बघून.) सीक्वेन्सचं म्हणणं मान्य, पण तो प्रोग्रॅमचा दोष. ड्राइव्हच्या ‘रेडी’ सिग्नलला इंटरलॉक (तो नसेल तर सीक्वेन्स थांबवणारी अट) नसेल तर रिस्टोररही वाचवणार नाही. पंखे आणि मोठ्या फिरत्या वजनांना कायनेटिक बफरिंग (फिरत्या वजनाच्या ऊर्जेवर डीसी बस टिकवणं) आणि फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरला तिच्या वेगावरच पुन्हा पकडणं) चालू करा. हात जातात तिथे ऑटो-रीस्टार्ट बंदच ठेवा.

ड्राइव्हप्रेमी: छोट्या सर्वो अक्षात जडत्वच नाही, बफरिंग कुठून येणार? तिथे तुमचा उपाय संपतो.

मीटर_आधी: दोघंही मोजण्याआधीच भांडताय. फॉल्ट लॉगमध्ये अंडरव्होल्टेज आहे की ओव्हरव्होल्टेज? ओव्हरव्होल्टेज असेल आणि वेळ कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर) जोडली जाण्याशी जुळत असेल, तर तो डिप नव्हेच, स्विचिंग ट्रान्झिएंट, म्हणजे जोडतानाचा क्षणिक झटका आहे. ड्राइव्हच्या इनपुटला 3 टक्के लाइन चोक (झटका अडवणारी कॉइल) लावा. बँकेला 7 टक्के डीट्यून्ड रिॲक्टर (हार्मोनिकशी रेझोनन्स टाळणारी कॉइल) आहे का तेही बघा, 50 हर्ट्झवर त्याचा रेझोनन्स 189 हर्ट्झला, पाचव्या हार्मोनिकच्या खाली राहतो. पण ट्रान्झिएंट त्याने पूर्ण जात नाही, त्यासाठी थायरिस्टर स्विचिंग, म्हणजे बँक योग्य क्षणी जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच.

अंडरव्होल्टेज असेल तर इनकमरला (पुरवठा आत येतो त्या मुख्य स्विचला) पॉवर ॲनालायझर लावा. व्होल्टेज पडतानाच करंट उसळला, तर बहुधा आतलीच मोटर डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू होतेय. तिला सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवणारा) द्या. रिस्टोररचं कोटेशन नंतर मागवा.