जुना कूलर घ्यावा की नवा? (नागपूर)

नंदनवनची_खोली
मार्चातच खोली तापून राहिली. जुन्या सामानाच्या दुकानात पत्र्याचा कूलर ३,२०० ला सांगितला, इतवारीत नवा ५,८०० ला. जुना घेऊन टाकू का?

बुटीबोरीचा_फिटर
भाऊ, भाव नंतर, आधी टाकी पहा. ताजा रंग मारला असन तर शंका घ्याच. आतून तळाच्या कोपऱ्यात किल्ली टोचा. पत्रा दबला तर तिथूनच वापस फिरा. मग मोटर. दुकानदार 'कॉपर वाइंडिंग' (म्हणजे मोटरीत तांब्याच्या तारेचे वेढे) म्हणन, पण अ‍ॅल्युमिनियमच्या तारेलाही तांबूस लेप असू शकते. जराशी खरवडली की आतून पांढरी निघते. खरवडू देत नसन तर अ‍ॅल्युमिनियमच धरा आणि भाव पाडा.

हिशेब करताना नुसते ३,२०० नका धरू. पंप, तिन्ही बाजूंचं गवत, घरी आणायचं भाडं, सगळं जोडा.

धरमपेठची_ताई
गवत कशाला जोडता? ते नव्यालाही पुढच्या वर्षी लागतंच.

बुटीबोरीचा_फिटर
ताई, पण यंदा तर जुन्यालाच लागन नं!

नंदनवनची_खोली
किल्ली आरपार गेली. दुकानदार आधी चिडला, मग २,००० वर आला 😄

बुटीबोरीचा_फिटर
फुकट देला तरी नको. पावसाळा लागला की खोल्या सोडणारी पोरं मिळन त्या भावात कूलर काढतात, पण तोवर मे महिना कोण काढन? दुसरा पाहिला तर फोटो टाका. तळाचा, समोरून नको.