कम्युनिटी कॉलेजातून ॲग्रिकल्चर, मग यूसी डेव्हिस: पहिल्या सेमिस्टरला काय घ्यावं?

शेवंती_सीए:
मुलीला पीकशास्त्रात पदवी घ्यायची आहे. आम्ही कॅलिफोर्नियात मोडेस्टोजवळ राहतो. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून डेव्हिसला किंवा फ्रेस्नो स्टेटला जायचा विचार आहे. कॉलेजच्या यादीत माती, सिंचन, ट्रॅक्टर, कीडनियंत्रण असे कितीतरी कोर्स दिसतात आणि तिला सगळेच हवेत. सुरुवात कुठून करावी? आम्ही एच-४ वर (एच-१बी व्हिसाधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर) आहोत, त्याने फीवर फरक पडतो का?

पोयटा:
ताई, सुरुवात केमिस्ट्रीपासून. शेतीच्या कोर्सपासून नाही.

डेव्हिसच्या विज्ञानाकडे झुकणाऱ्या शेती-शाखांना जनरल केमिस्ट्री, त्यावर ऑरगॅनिक, शिवाय बायोलॉजीची मालिका, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स लागतं. जनरलचे दोन भाग झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही. म्हणजे ऑरगॅनिकचेही दोन भाग घ्यायचे तर चार सेमिस्टर एका रांगेत गेली. जनरलच्या आधी प्राथमिक केमिस्ट्री करावी लागली तर पाच, आणि दोन वर्षांचं गणित तिथेच फिसकटतं. त्यामुळे गणित-केमिस्ट्रीची प्लेसमेंट (कुठल्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणं) पहिल्या सेमिस्टरच्या आधी उरकून घ्या. प्राथमिक लागलंच तर ते उन्हाळ्यात संपवा.

हव्या त्या शाखेला नेमकं काय लागतं ते असिस्ट डॉट ऑर्गवर पाहा. आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि मेजर निवडलं की कुठला कोर्स कशाच्या बदली धरला जातो ते समोरासमोर दिसतं. वर्ष मात्र नीट निवडा, करार बदलत असतात.

बांधावरून:
पोयटांशी सहमत. ट्रॅक्टर आणि सिंचनाचं थोडं सविस्तर सांगते, कारण मुलं इथेच अडकतात.

कम्युनिटी कॉलेजचे बरेच व्यावहारिक शेती-कोर्स सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, फ्रेस्नो स्टेट त्यातलंच) चालतात, यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस त्यातलं) चालत नाहीत. कॅटलॉगमध्ये प्रत्येक कोर्सखाली 'ट्रान्सफर: सीएसयू' किंवा 'यूसी/सीएसयू' लिहिलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय नाव नोंदवू नका. यूसीत ज्युनियर (तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणून जायला यूसीला चालणारी ६० सेमिस्टर युनिट लागतात. त्यात न बसणारे कोर्स कितीही चांगले असले तरी मोजले जात नाहीत.

मातीच्या कोर्सची गंमत अशी की डेव्हिसचा मुख्य मृदाशास्त्र कोर्स वरच्या वर्गातला आहे, त्यामुळे इथला त्याची जागा घेईल असं धरून चालू नका. तरीही एक तरी कोर्स लॅबसकट घ्यावाच. ओल्या मातीची गोळी अंगठा आणि तर्जनीत दाबत पट्टी काढायची: अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयटा, पाचच्या पुढे टिकली तर चिकणमाती, मधली असेल तर चिकण-पोयटा. मग चिमूटभर माती तळहातावर भरपूर पाण्यात चोळून ती खरखरते की पिठासारखी लागते ते बघायचं. हे बोटांना कळलं की सिंचनाचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही.

फ्रेस्नो स्टेटचा रस्ता वेगळा आहे. तिथे जायला ट्रान्सफरची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घ्या, पीकशास्त्र (प्लांट सायन्स), पशुशास्त्र आणि ॲग बिझनेस या तिन्हींत ती असते. ६० युनिटमध्ये ती होते आणि सीएसयू व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते. ही हमी व्यवस्थेची आहे, ठरावीक कॅम्पसची नाही. सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉलीत चुरस मोठी असते.

पोयटा:
डेव्हिससाठी टॅग (कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना अटी पाळल्यास मिळणारी प्रवेशाची हमी) विसरू नका. अर्जाची मुदत १ ते ३० सप्टेंबर, म्हणजे दुसरं वर्ष सुरू होतानाच, आणि सहा यूसी कॅम्पसपैकी एकाच ठिकाणी करता येतो. प्रत्येक मेजरची गुणांची अट वेगळी असते, दरवर्षी बघा. टॅग भरला तरी यूसीचा मुख्य अर्ज वेगळा करावाच लागतो. जानेवारीत गुणांचा अपडेट भरायचा असतो. तो राहिला तर हातातला प्रवेशही जाऊ शकतो.

दुसरी चूक म्हणजे मालिका तोडणं. डेव्हिसला क्वार्टर (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रं) आहेत, कॉलेजांत बहुधा सेमिस्टर. एका सेमिस्टरचा कोर्स एका क्वार्टरच्या बरोबर बसत नाही, त्यामुळे जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग एका कॉलेजात आणि दुसरा दुसरीकडे केला की मधलं काहीतरी सुटतं. सुरू केलेली मालिका त्याच कॉलेजात पूर्ण करा.

निवास_नोंद:
एच-४ बद्दल: कॅलिफोर्नियात एच-१बी आणि एच-४ धारकांना रहिवासी दर्जा मिळू शकतो. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथलं वास्तव्य आणि इथेच राहायचा हेतू, दोन्ही कागदावर दाखवावं लागतं. राज्याचं कर-विवरण, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार जमवून ठेवा. मुलगी १८ च्या आत असेल तर सहसा आईवडिलांचा निवास धरतात. रहिवाशांना ४६ डॉलर प्रतियुनिट, बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. फेडरल आर्थिक मदत मात्र एच-४ ला मिळत नाही.

शेवंती_सीए:
खूप आभार. केमिस्ट्रीची लॅब भरलेली असेल तर काय करायचं?

बांधावरून:
ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा लवकर उरका, नोंदणीची तारीख लवकरची मिळते. तरी भरलं तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या लॅबला हजर राहा. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं बऱ्याचदा काढतात, त्या जागा तिथेच वाटल्या जातात. गॉगल आणि बंद बूट सोबत असू द्या.

आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा. असिस्टवर नसलेला कोर्स डेव्हिसच्या विभागाने मान्य करावा म्हणून अर्ज केला, तर पहिली मागणी त्याचीच होते.