हायपो-आम्ल प्रयोगात वेळ हवा तितका वाढत नाही, कुठं चुकतंय?

विज्ञानकट्टा_परभणी: दहावीच्या उन्हाळी जादा वर्गात संहतीचा अभिक्रियेच्या दरावर होणारा परिणाम दाखवायचा आहे. ०.१ मोलर सोडिअम थायोसल्फेट (हायपो) ५०, ४०, ३०, २०, १० मिली घेतलं, पाणी घालून प्रत्येक बीकर ५० मिलीचा केला, वर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली. गंधकानं द्रावण गढूळ होऊन बीकरखालच्या कागदावरची फुली वरून दिसेनाशी व्हायला लागलेले सेकंद: २८, ३१, ३५, ४६, ८०. हायपो पाचपट विरल, मग वेळही पाचपट नको का? इथं तिप्पटसुद्धा होईना. पाणी बोअरचं, गच्चीवरच्या टाकीतून येतं. क्षारांचा परिणाम असेल का?

लॅबवाला_जालना: क्षारच. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आम्ल खातं. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा, मिटलं.

अभिक्रिया_नांदेड: हिशेब बसत नाही सर. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल खाण्याची क्षमता) लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली, तरी ४० मिली पाणी जेमतेम ०.३ मिलिमोल आम्ल खाईल. १० मिली आम्लात आहे १० मिलिमोल. तीन टक्के गेले. आणि आम्ल कमी पडलं असतं तर वेळ वाढला असता. इथं तर कमी भरलाय.

मॅडम/सर, हायपोचे मिली गुणिले सेकंद करा: १४००, १२४०, १०५०, ९२०, ८००. दर संहतीच्या समप्रमाणात असेल तर हा गुणाकार जवळपास एकच राहायला हवा. तुमचा पाणी वाढेल तसा उतरतोय, म्हणजे दर वाढवणारं काहीतरी पाण्यासोबतच आत येतंय. ते तापमान. हायपो आणि आम्ल कपाटात ३० अंशांवर, दुपारचं टाकीचं पाणी ४२ वर धरलं, तर शेवटच्या बीकरचं मिश्रण ३८ वर जातं. दहा अंशांना दर साधारण दुप्पट, आठ अंशांना पावणेदोन पट. २८ चे पाचपट १४०, भागिले पावणेदोन: ८०. तुमचाच आकडा.

उपाय फुकटचा आहे. पाण्याची बादली आदल्या संध्याकाळी भरून हायपो-आम्लाच्या शेजारी ठेवा. प्रत्येक बीकरमध्ये आम्ल ओतण्याआधी थर्मामीटर बुडवा. एका अंशाहून जास्त फरक दिसला तर ते वाचन घेऊच नका.

विज्ञानकट्टा_परभणी: पाणी तापलेलंच होतं, हात लावला तरी कळतं. मग सरळ थंड जारचं पाणी घेतलं तर?

अभिक्रिया_नांदेड: तर उलटी गडबड. विरल बीकर गार पडतील आणि गुणाकार चढत जाईल. गार-गरम नको, सगळं एकसारखं हवं.

हायपोचं द्रावण मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्येच करा, ताजं: ६.२ ग्रॅम खडे, २५० मिलीपर्यंत. खडे पांढरे, पिठूळ झालेले असतील तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यांतलं स्फटिकजल उडालंय. तेवढ्याच वजनात द्रावण तीव्र होतं. त्यानं सगळे वेळ सारख्या प्रमाणात कमी होतील, पण हायपोच्या मिलीसमोर १/वेळ (म्हणजे दर) मांडलेला आलेख सरळच येईल. तो वाकला तर दोष खड्यांना देऊ नका.

लॅबवाला_जालना: अल्कलिनिटीचा हिशेब पटला. हाताळणीचं थोडं सांगतो. बीकर सगळे एकाच मापाचे घ्या, नाहीतर द्रावणाची खोली बदलते आणि फुली लवकर-उशिरा झाकते. आम्ल एका झटक्यात ओता, घड्याळ त्याच क्षणी सुरू. वरून बघणारा मुलगा शेवटपर्यंत एकच. दुसऱ्याच्या नजरेत दोन-चार सेकंद सहज इकडचे तिकडे होतात, आणि २८ सेकंदांत ते फार असतात. १० मिलीच्या खाली हायपो घेऊ नका, फुली पुसट होऊन तशीच रेंगाळते.

फुली गेली की बीकर लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रिकामा करा. आम्ल मारलं जातं, सल्फर डायऑक्साइड सुटायचा थांबतो. लाइट गेलेली असेल, पंखे बंद असतील तर खिडक्या उघडल्याशिवाय सुरुवातच करू नका. दम्याचा त्रास असलेलं मूल दाराजवळ बसवा. बीकर तसाच वाळू दिला तर गंधकाचा थर काचेला धरतो, मग ब्रश घेऊन घासत बसा.