न्यूझीलंडचा तो दौरा आठवा

क्रिकेट वर्ल्डकपच्या आधीची शेवटची सिरीज भारत हरला म्हणजे वर्ल्डकपमध्ये आपलं काही खरं नाही असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. २००३ च्या वर्ल्डकपआधी न्यूझीलंडमध्ये वनडे सिरीज ५-२ ने हरलो होतो, हिरव्या विकेटवर, म्हणजे गवत असलेल्या पिचवर, बॉल नुसता नाचत होता, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत आपण साऊथ आफ्रिकेत वर्ल्डकपची फायनल खेळलो की!

आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर थंडीत सकाळी सातला बॅटिंग करून बघा, दव असतं, बॉल सीमवर (शिवणीवर) पडला की असा आत येतो की चांगला बॅट्समनही चाचपडतो आणि तोच अकराला ऊन चढल्यावर त्याच बोलरला मस्त ड्राइव्ह मारतो, मग फॉर्म कुठला धरायचा? मी आधी विकेट बघतो मग स्कोअर. सुटलेले कॅच आणि नो-बॉल मात्र मोजतो, तिथे विकेटचं कारण चालत नाही.