मदत हवी आहे: भाजीच्या टोपलीचा एप्रिल-मे कसा निभावायचा?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात विहिरीवरची आमची ३५ गुंठे जमीन मी आणि सासूबाई मिळून करतो. दोन वर्षं झाली, दर शनिवारी पुण्यातल्या २२ घरांना भाजीची टोपली पोचवतो. पाच-सहा भाज्या, साधारण चार किलो, ३५० रुपये. रासायनिक खत आणि फवारणी बंद केल्याचं हे तिसरं वर्ष. शेणखत, शेण-गोमूत्राचं जीवामृत आणि पाचटाचं आच्छादन यांवरच सगळं चालतं.

पावसाळ्यात काळजी नसते. दोडका, घोसाळी, काकडी येतात, शिवाय बांधावरचा टाकळा, कुर्डू, भारंगी. लोक आवडीने घेतात, कशी करायची तेही विचारतात. थंडीत वाल, पावटा, मेथी, मुळा, नवलकोल टोपलीत मावत नाहीत. होळीनंतर मात्र विहीर खाली जाते. मेथी-पालक लगेच फुलावर येतात, टोमॅटोची फुलगळ होते, मिरचीवर बोकड्या (पानं आकसून गोळा होण्याचा रोग). यंदा मे महिन्यात सलग तीन शनिवार गवार, चवळी आणि माठ एवढंच देता आलं. सात घरांनी टोपली बंद केली. एक ताई म्हणाल्या, "कोथिंबीर-टोमॅटोसाठी मंडईत जावंच लागतं, मग दोन ठिकाणी कशाला?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

मार्केटयार्डातून भाजी आणून टोपली भरा, असा सल्ला मिळाला. ते मी करणार नाही. भाजी कुठल्या वाफ्यातली हे माहीत असतं म्हणूनच ही घरं आमच्याकडे आली.

तर जाणकारांना विचारायचंय: दोन-तीन गुंठ्यांवर ५० टक्के सावलीची जाळी टाकली तर एप्रिलमध्ये कोथिंबीर टिकते का? आमच्याकडे वळवाचा वारा फार, बांबूच्या मांडवावर जाळी तग धरेल का? दुसरा विचार साठवणीचा. लाल भोपळा, कोहळा, सुरण आधीच काढून ठेवून मेपर्यंत पुरवायचा. कुणी केलंय का? २२ घरांना किती गुंठे लागतील? कापलेला भोपळा पोचेपर्यंत खराब होऊ नये म्हणून काय करता? भोपळ्याचं बी दिवाळीनंतर टोकायचं म्हणते, ते उशिरा होईल का?

शहरात राहणाऱ्यांनीही सांगा. उन्हाळ्यात भाजी कमी आणि त्याजागी आमचेच कडवे वाल, कुळीथ, वाळवलेली गवार असं दिलं तर घ्याल का? की त्या दोन महिन्यांत पंधरा दिवसांनी एकदाच टोपली आलेली बरी?

आणखी एक. पीजीएस प्रमाणपत्रासाठी (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र) किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, गावात आम्ही तिघंच आहोत. शेजारच्या गावातले दोघं तयार आहेत. असा दोन गावांचा गट कुणी नोंदवला असेल तर कागदपत्रं कशी केली ते सांगा.

पाण्याचा हिशेब विचाराल म्हणून: एप्रिलमध्ये विहीर दिवसाला जेमतेम दीड तास चालते, तीन एचपीची मोटर आहे, आणि ठिबक फक्त १५ गुंठ्यांवर आहे.