ड्राइव्हशाफ्टचा क्लॅम्प सरकतोय, भक्कम कुठला घ्यावा? (कोल्हापूर)

पांढरी_रेघ
नमस्कार मंडळी. ड्राइव्हशाफ्टचा क्लॅम्प सरकतोय. बोल्ट नवा टाकून आवळला, खूण केली, तरी परत तेच. आता मूळचा क्लॅम्प नकोच, भक्कम काहीतरी बसवायचंय. बाहेरून मागवू की इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात करून घेऊ? गाडी जॅकवर आहे आणि मालकांचा रोज फोन येतोय. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी लवकर सांगा.

रंकाळा_८००
एवढं काय त्यात! बुटाचा, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या रबरी टोपीचा क्लॅम्प ना? पत्र्याची पट्टी टाकू नका, स्टीलचा स्क्रूवाला टाका. जुनं ग्रीस पुसून नवं भरा आणि रबर फाटलंय का बघा. माझ्या मारुतीला हेच केलं, परत बघावं लागलं नाही.

पांढरी_रेघ
बुटाचा नाही हो दादा. शाफ्ट फ्लेक्स प्लेटला (इंजिनाच्या मागच्या पातळ, लवचिक चकतीला) जिथं धरतो तो क्लॅम्प. पोर्शे ९२८ आहे.

घाटवाट
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं. साल कुठलं? ऑटोमॅटिक की मॅन्युअल? सरकलाय किती, आणि कुठल्या बाजूला? यावर सगळं अवलंबून आहे.

पांढरी_रेघ
१९८७, एस ४ मॉडेल, ऑटोमॅटिक. क्लॅम्पच्या मागच्या कडेला लागून शाफ्टवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती. आता कड आणि रेघ यांच्यात नखाएवढी फट दिसते, म्हणजे शाफ्ट मागं गेलाय. आता सांगा कुठला क्लॅम्प.

उद्यमनगर_लेथ
भावा, बाहेरून कशाला मागवतोस? ईएन २४ पोलादाचा बार घेऊ, टर्निंग करू, आतल्या दात्या (शाफ्टच्या खाचांत बसतात त्या) वायरकट मशीनवर काढू, हार्डनिंग करून देतो. नमुना घेऊन ये फक्त. ऑइल इंजिनाच्या काळापासून इथं असली कामं होतात.

शिरोली_फौंड्री
बार कापत बसण्यापेक्षा एसजी आयर्नचं (ओतीव लोखंडाचं) कास्टिंग करा. पॅटर्न एकदा झाला की हवे तेवढे ओता.

उद्यमनगर_लेथ
साहेब, हवे तेवढे कशाला? गाडी एक आहे. आणि क्लॅम्पला चीर असते, बोल्ट आवळला की तो जरा मिटायला पाहिजे. तिथं कास्टिंगचा भरवसा मी नाही धरणार.

जुनं_लोखंड
मंडळी, थांबा. क्लॅम्प कुठला हे नंतर. पांढरी_रेघ, क्रँकचा एंड प्ले, म्हणजे क्रँकशाफ्ट पुढं-मागं किती हलतो ते, मोजलाय का? तो मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिचं इंजिन पुढं, गिअरबॉक्स मागं, मध्ये टॉर्क ट्यूब नावाची नळी आणि तिच्यात बारीक लांब शाफ्ट. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरही (तेलातून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा) मागंच असतो. जोर आला की शाफ्ट पिळवटतो आणि किंचित आखूड होतो. क्लॅम्पची पकड ढिली असेल तर शाफ्टचं पुढचं टोक त्यातून मागं ओढलं जातं. जोर सुटला की शाफ्ट पुन्हा लांब होतो, पण क्लॅम्प आता नव्या जागी धरून बसलेला असतो. मग लांब झालेला शाफ्ट फ्लेक्स प्लेटला पुढं ढकलतो आणि प्लेट क्रँकला. क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर हा दाब कायमचा येतो. बेअरिंग गेलं की क्रँक ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला घासतो. त्यानंतर क्लॅम्प सोन्याचा बसवला तरी उपयोग नाही.

शिरोली_फौंड्री
पिळवटण्याचं मला पटत नाही. कन्व्हर्टर तेलाच्या दाबानं फुगतो आणि शाफ्टला पुढं रेटतो, खरं कारण ते.

जुनं_लोखंड
तसं असतं तर शाफ्ट क्लॅम्पमधून पुढं निघाला असता. यांची रेघ मागं गेलीय. कन्व्हर्टरचा वाटा नाही असं मी म्हणत नाही, पण डोळ्यांसमोरची खूण बघा.

कावळा_नाका
ही पोर्शे कोल्हापुरात आहे? कुणाची? कधी बाहेर काढता? मला वाटायचं जुनी गाडी म्हणजे दसऱ्याला निघते ती छत्रपतींची मायबाख. दसरा चौकात ती आली की अंगावर काटा येतो.

घाटवाट
मायबाखसाठी वेगळा धागा काढा, मीही येतो तिथं. इथं एका माणसाचं इंजिन पणाला लागलंय. (९२८ ला १९७८ साली युरोपातला कार ऑफ द इयरचा मान मिळाला होता, एवढंच सांगतो आणि गप्प बसतो.)

पांढरी_रेघ
एंड प्ले नाही मोजला. इंजिनाचा आवाज चांगला आहे, ऑइलचा दाबही बरोबर आहे. मोजायचाच असेल तर पद्धत सांगा, आज करतो.

जुनं_लोखंड
आवाजावर जाऊ नका, थ्रस्ट बेअरिंग शेवटपर्यंत गप्प राहतं. बेल हाउसिंगचं खालचं झाकण काढा. पुलीच्या बोल्टला २७ चा सॉकेट लावून इंजिन घड्याळाच्या दिशेनं फिरवा, क्लॅम्पचा बोल्ट खाली येईल. उलटं फिरवू नका. बोल्ट ढिला करण्याआधी फ्लेक्स प्लेटवर नजर ठेवा. दाब असेल तर ढिला होताच प्लेट मागं उडी मारेल.

मग मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावा. मोठ्या पान्याची तरफ करून क्रँक पूर्ण मागं घ्या, काटा शून्यावर आणा, पूर्ण पुढं घ्या. बोल्ट आवळलेला असताना मोजलंत तर प्लेटचा ताण क्रँकला हलू देत नाही आणि आकडा खोटा येतो. नव्या इंजिनाला ०.११० ते ०.३१२ मिलिमीटर, शेवटची हद्द ०.४०.

पंचगंगाकाठ
मी तर म्हणतो दात्यांना लॉकटाइट (धातू पकडून ठेवणारा गोंद) लावा आणि मोकळे व्हा. क्लॅम्पचा खर्चच नको.

उद्यमनगर_लेथ
आणि उद्या टॉर्क ट्यूब काढायची वेळ आली की?

पंचगंगाकाठ
गरम करायचं, सुटतं.

उद्यमनगर_लेथ
जुन्या दात्यांत वर्षांचं तेल मुरलेलं असतं. ते पूर्ण निघाल्याशिवाय लॉकटाइट धरत नाही आणि गाडीखाली झोपून ते पूर्ण निघत नाही. जोडीला लावा, त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडी सोडू नका.

पांढरी_रेघ
मोजलं. बोल्ट ढिला झाला तशी प्लेट टक्कन मागं आली, चांगली तीन मिलिमीटर. हातातला पाना हलला एवढा ताण होता. एंड प्ले ०.२८. परत मोजला, तेवढाच.

जुनं_लोखंड
देवाची कृपा. ०.२८ म्हणजे बेअरिंग शाबूत आहे. हा आकडा आणि गाडीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येईल. आता क्लॅम्पचं बोलू.

दोन वाटा आहेत. एक, फ्लेक्स प्लेटच बदलायची, जिच्या मध्यभागी रुंद आणि जास्त बोल्टांचा क्लॅम्प असतो. पकड उत्तम, पण त्यासाठी टॉर्क ट्यूब मागं घ्यावी लागते, म्हणजे गिअरबॉक्सपर्यंत काम जातं. दुसरी, दोन अर्ध्यांचा कॉलर, म्हणजे शाफ्टभोवतीचं कडं, गाडी न उघडता खालूनच बसणारा. घेताना एकच बघा, तो शाफ्ट आणि मूळ क्लॅम्प या दोघांना एकत्र जखडतो का. क्लॅम्पच्या मागं नुसताच शाफ्टवर बसणारा कॉलर तुम्हाला निरुपयोगी, कारण तुमचा शाफ्ट मागं जातोय, कॉलरही त्याच्याबरोबर मागं जाईल.

उद्यमनगर_लेथ
असा कॉलर मी करून देतो की.

घाटवाट
दादा, तुमच्या हातावर शंका नाही. पण कन्व्हर्टर मागं असल्यामुळं हा शाफ्ट सतत इंजिनाच्याच वेगानं फिरतो, मिनिटाला ६००० फेऱ्यांपर्यंत. कॉलरच्या दोन अर्ध्यांत वजनाचा फरक राहिला तर टॉर्क ट्यूबमधली बेअरिंगं जातील.

उद्यमनगर_लेथ
रास्त आहे. दोन्ही अर्धे एकाच तुकड्यातून बोअर करून मग चिरायचे, बोल्ट समोरासमोर उलट दिशेनं घालायचे, वजन जुळवायचं आणि शेवटी डायनॅमिक बॅलन्सिंग. बॅलन्सिंगशिवाय मी पीस हातात देणार नाही. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरनं घेऊन या, पुस्तकातला नको.

रंकाळा_८००
एवढं करण्यापेक्षा गाडी विकून नवी घेतलेली परवडेल.

पांढरी_रेघ
विकायची नाही. मालकांच्या वडिलांची आहे.

ठरवलं. टॉर्क ट्यूबची बेअरिंगं अजून शांत आहेत, म्हणून गिअरबॉक्स आता उतरवत नाही. दोन अर्ध्यांचा, दोघांना जखडणारा कॉलर उद्यमनगरात करून घेतो, मूळ क्लॅम्पला जास्त ताकदीचा, १२.९ ग्रेडचा नवा बोल्ट. ट्यूबचं काम निघेल तेव्हा प्लेट बदलू. उद्यमनगर_लेथ, उद्या दुपारी मायक्रोमीटरचं माप घेऊन येतो. शेड कुठल्या गल्लीत?

जुनं_लोखंड
मागच्या टोकाच्या कपलिंगचे बोल्टही त्याच दिवशी तपासा. आणि पुढचा क्लॅम्प आवळण्याआधी प्लेट मोकळी, सरळ उभी आहे ना ते बघा. बसवल्यावर एकदा गगनबावड्यापर्यंत जाऊन या, गाडी थंड झाली की रेघ बघा.

उद्यमनगर_लेथ
निरोप टाकलाय, पत्ता त्यात आहे. जुना बोल्टही आण, त्याचे आटे बघायचेत मला.