पन्नाशीनंतर रोज वापरायला स्कर्ट: कट आणि शिलाईबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

वय ५४, उंची ५ फूट १ इंच, पुण्यात राहते. इतकी वर्षं साडी नाहीतर पंजाबी ड्रेस, बाकी काही अंगाला लावलंच नाही. गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले, लेगिंग चढवताना एका पायावर उभं राहणं नको झालं आणि एप्रिल-मेमध्ये तर ती घामाने पोटरीला अशी चिकटते की सोलून काढावी लागते, तेव्हा मनात आलं, स्कर्ट का नाही? ऑफिस, मंडई, नातीची शाळा सगळीकडे चालतील असे तीन-चार चांगले स्कर्ट करून घ्यायचेत.

घोडं अडलंय फिटिंगवर. मेनोपॉजनंतर पोट पुढे आलंय, कंबर ३६ आणि सीट ४०. रेडिमेडमध्ये सीटला नीट बसणारा घेतला की कंबरेचं बटण लागत नाही, कंबरेला बसणारा घेतला की मागून नुसता लोंबतो. पूर्ण इलॅस्टिकवाले दोन घेतले, पण सगळ्या चुण्या नेमक्या पोटावर गोळा होतात, वरून कुर्ती घातली तर ती पण फुगते आणि संध्याकाळी कंबरेवर लाल वळ उठलेला असतो.

मग टेलरकडून कॉटनचा सहा कळ्यांचा शिवून घेतला. आरशात छान दिसत होता हो, पण ह्यांनी बाजूने फोटो काढला तर पुढून घोटा उघडा आणि मागून झाकलेला! टेलर म्हणाले उंची दोन्हीकडे सारखीच आहे, घरी टेप लावून बघितलं तर खरंच सारखी. शेवटी मावसबहिणीने उलगडा केला, ती घरी शिवते, म्हणाली पोटावरून खाली यायला कापड जास्त लागतं म्हणून पुढची उंची पाऊण ते एक इंच जास्त ठेवायची आणि ती वाढ वर कंबरेच्या बाजूला द्यायची, खाली घेरात नाही. कंबरेचं मापसुद्धा बसून घ्यायला सांगितलं, माझं उभ्यापेक्षा दीड इंच जास्त भरलं.

आता पुढचा शिवायच्या आधी विचारायचंय. पुढे सपाट पट्टा आणि फक्त मागे इलॅस्टिक असं कोणी करून घेतलंय का, धुऊन धुऊन मागचं सैल पडतं का? साइडला चेन आणि हुक बरं की हेच? खिसा तर हवाच, पण जाड कापडात सीटवर उंचवटा दिसतो, मग तो किती खाली घ्यायला सांगू? आणि लांबी, पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथे स्कर्ट संपला तर मी अजूनच बुटकी दिसते एवढं कळलंय, त्याच्या खाली घोट्याच्या वर चार बोटं ठेवू की पूर्ण घोट्यापर्यंत?

अजून एक, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. आईची एक इरकल आहे, बारीक चौकडा, लाल काठ. पदराकडे विरलीय पण बाकी अंग घट्ट आहे. ती नेसली की फाटेल ह्या भीतीने सात वर्षं कपाटात पडून आहे, हात लावला की अजून तिच्या कापूर-डब्याचा वास येतो. तिचा स्कर्ट करावा असं फार वाटतंय. पण कळ्या कापल्या तर खालचा घेर गोल होतो आणि काठ अखंड राहत नाही, काठ ठेवायचा तर कापड सरळच लावायला हवं, म्हणजे परत कंबरेला चुण्या आणि परत पोट. सीटपर्यंत साधा सपाट योक (कंबरेखाली वेगळा जोडलेला बिनचुण्यांचा तुकडा) आणि त्याच्या खाली चुण्या असं केलं तर चालेल का? योकला सुती अस्तर लावलं तर शिवणीवर कापड फाटणार नाही ना? जुन्या साडीचं कोणी केलं असेल तर प्लीज फोटो टाका आणि घेर किती ठेवलात तेही सांगा. एकदा कात्री लागली की संपलं, म्हणून टेलरकडे न्यायच्या आधी विचारतेय.

सदाशिव पेठ-कोथरूड भागात मोठ्या वयाच्या बायकांचं माप समजून घेणाऱ्या कोणी शिवणाऱ्या ताई माहीत असतील तर मला निरोप पाठवा.